नदीवर बंदी नको, आधी बंधाऱ्यांकडे बघा

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात कोणीतरी नदीत नाहीतर धबधब्याखाली बुडाल्याची बातमी आली की चार दिवसांत मागणी सुरू होते, नद्यांवर सरसकट बंदी घाला, राफ्टिंग बंद करा, कयाकवाल्यांना पाण्यात उतरूच देऊ नका. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, म्हादईच्या काठावर वाढलेला, आणि गेली बरीच वर्षं पावसात आमच्या छोट्या नद्यांतून कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची छोटी होडी, चालवतो. बुडालेल्या पोराच्या घरी काय होतं ते आमच्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, त्यामुळे बंदी मागणाऱ्यांचा मला राग येत नाही, त्यांची कळकळ खरी आहे. पण बंदीने नदीवरच्या सगळ्यात धोक्याच्या जागेला हातच लागत नाही, आणि ती जागा म्हणजे गावोगावचा काँक्रीटचा बंधारा. यावर कोणी बोलताना दिसत नाही म्हणून हे पत्र, जरा लांबलंय पण शक्य झालं तर पूर्ण छापा.

आधी आमच्या नद्या कशा आहेत ते सांगतो. म्हादई खानापूर तालुक्यात देगावजवळ उगम पावते, घाट उतरून सत्तरीत येते, आणि खाली गांजेपर्यंत तर भरतीचं पाणी चढतं, म्हणजे डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये अंतर असं फारसं नाहीच. वाळवंटी घ्या, रगाडा घ्या, खांडेपार घ्या, थोड्याफार फरकाने सगळ्यांचं तेच, वर जबरदस्त उतार आणि खाली आल्या की एकदम संथ. या नद्यांना बर्फाचं पाणी नाही, सगळी मालकी पावसाची. वर घाटात कणकुंबी चोर्ल्याच्या बाजूला पाऊस रात्रभर कोसळला की सकाळी वाळपईत चक्क ऊन पडलेलं असतं आणि नदी मात्र तांबडी होऊन चढत असते, हे इथल्या माणसाला माहीत आहे पण पणजीहून किंवा बेळगावहून पिकनिकला आलेल्या माणसाला कसं कळणार. २३ जुलै २०२१ चा पूर आठवा, सत्तरी डिचोलीत शेकडो घरांचं नुकसान झालं, १९८२ नंतरचा सगळ्यात मोठा पूर असं खुद्द मुख्यमंत्र्यांनी तेव्हा सांगितलं होतं.

आता यातली दुसरी बाजू. याच उतारामुळे आणि याच पावसामुळे आमच्याकडे जून ते सप्टेंबर इतकं सुंदर खळाळतं पाणी असतं की बाहेरची माणसं मुद्दाम येतात. हिमाचलात १५ जुलै ते १५ सप्टेंबर राफ्टिंग बंद असतं, ऋषिकेशलाही ऐन पावसाळ्यात बंद, कारण तिथल्या मोठ्या नद्या तेव्हा हाताबाहेर जातात. कोलाडला कुंडलिकेवर आणि दांडेलीला काळी नदीवर राफ्ट चालतात त्या वीजघरातून सोडलेल्या पाण्यावर. आमच्याकडे धरणाचं पाणी नको, बर्फ नको, आभाळातून पडलेल्या पाण्यावर म्हादई चालते. २०१२ साली पर्यटन विकास महामंडळाने वाळपईजवळ उस्ते सोनाळच्या बाजूला राफ्टिंग सुरू केलं, साधारण १० किलोमीटरचा पट्टा, ग्रेड दोन ते तीन. ग्रेड म्हणजे खळाळ किती अवघड ते मोजायची जगभरची पद्धत, एक म्हणजे नुसता वाहता प्रवाह आणि सहा म्हणजे जिवाशी खेळ. दोन-तीन म्हणजे लाटा आहेत, खडक आहेत, पण वाट मोकळी आहे आणि पडलात तरी खाली शांत पाणी मिळतं. हेल्मेट, लाईफ जॅकेट आणि शिकलेला गाईड असेल तर पोहता न येणारा माणूससुद्धा त्यातून हसत बाहेर येतो. ज्यांनी आपली नदी फक्त पुलावरून बघितलीये त्यांनी एकदा तरी ती अशी बघावी असं मला मनापासून वाटतं.

राफ्टला निदान रुंद पाणी लागतं. आम्ही कयाकवाले त्याहून छोट्या पाण्यात जातो, जिथे नदी दोन घरांमधल्या अंगणाएवढीच रुंद असते. आमची होडी अडीच मीटरच्या आसपास लांब, जाड प्लॅस्टिकची, कमरेभोवती पाणी आत येऊ नये म्हणून रबरी पडदा, हातात दोन्ही बाजूंना पातं असलेलं वल्हं. लोकांना वाटतं ही पोरं वेडी आहेत, दिसलं पाणी की उडी. खरं काम उलट आहे, निम्मा वेळ आम्ही काठावरून चालत असतो. पुढचं वळण दिसत नसेल तर होडी बाजूला लावायची, उतरायचं, खडकावरून जाऊन बघायचं, पाणी कुठून कुठे जातंय, कुठल्या खडकामागे थांबायला जागा आहे, झाड आडवं पडलंय का, खाली दोर घेऊन कोण उभं राहणार, आणि हे सगळं जमत नसेल तर होडी खांद्यावर घेऊन चालत पुढे जायचं. त्यात कसलाही कमीपणा नाही, ज्याला चालत जाणं कमीपणाचं वाटतं त्याला आम्ही बरोबर नेतच नाही.

पाणी वाचायला शिकणं ही यातली खरी मजा आहे आणि मला वाटतं ते शाळेत शिकवायला हवं, निदान सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण इथल्या शाळांत तरी. पाण्यावर गुळगुळीत जिभेसारखा त्रिकोण दिसला आणि त्याचं टोक खालच्या दिशेला असलं तर ती मोकळी वाट. टोक वरच्या दिशेला असलं तर तिथे पाण्याखाली खडक आहे. मोठ्या खडकाच्या मागे पाणी उलटं वर येतं, त्याला आम्ही एडी म्हणतो, ती आमची विश्रांतीची जागा. आणि एक गोष्ट प्रत्येक पोराला पाठ पाहिजे की वाहत्या पाण्यात पडलात तर उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. गुडघ्याच्या वर जोरात वाहणाऱ्या पाण्यात पाय खडकाच्या फटीत अडकला की मागून येणारा प्रवाह माणसाला पुढे वाकवून पाण्याखाली दाबून धरतो, पोहणं किती चांगलं येतं याचा तिथे काही उपयोग नाही. उताणं व्हायचं, पाय पुढे, पावलं पाण्याच्या वर, हाताने काठाकडे सरकत राहायचं. एक घनमीटर पाण्याचं वजन १००० किलो, आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. एवढं जरी डोक्यात बसलं तरी कमरेएवढ्या पाण्यातून साकवाशिवाय पलीकडे जायच्या आधी माणूस थांबेल.

आता बंधारा.

जलस्रोत खात्याने आमच्याकडे नद्यांवर आणि व्हाळांवर, म्हणजे ओढ्यांवर, ठिकठिकाणी बंधारे बांधलेत आणि ते चांगलंच केलंय हे आधी स्पष्ट सांगतो. पावसाळा संपला की फळ्या घालून पाणी अडवतात, त्यावर कुळागरं म्हणजे सुपारीच्या बागा जगतात, वायंगण म्हणजे पावसाळ्यानंतरची भातशेती होते, विहिरींना पाणी राहतं. बंधारे पाडा असं मी म्हणत नाहीये, कोणी तसा अर्थ काढू नये. पण भरलेल्या नदीत बंधारा काय करतो ते समजून घ्यायला हवं.

नैसर्गिक खळाळात पाणी खडकावरून पडतं तेव्हा खाली भोवरा होतो, पण खडक वेडावाकडा असतो त्यामुळे कुठेतरी कडेला पाणी सुटतं, आणि अडकलेला माणूस त्या कडेने बाहेर फेकला जातो. बंधारा सरळ रेषेत असतो, या काठापासून त्या काठापर्यंत एकसारखा, आणि दोन्ही टोकांना काँक्रीटच्या भिंती. पाणी त्याच्या अंगावरून खाली येतं ते थेट तळाला जातं, आणि वरच्या थरातलं पाणी पुढून परत बंधाऱ्याच्या दिशेने ओढलं जातं. माणूस, लाकूड, नारळ, फुटबॉल, जे काही त्यात जाईल ते बंधाऱ्याकडे ओढलं जाणार, पडणाऱ्या पाण्याखाली दाबलं जाणार, थोडं पुढे वर येणार आणि परत ओढलं जाणार, वॉशिंग मशीनमधल्या कपड्यासारखं. त्यातून तो पांढरा फेस म्हणजे निम्मी हवा, त्यात लाईफ जॅकेटसुद्धा माणसाला नीट वर धरत नाही. आणि हे सगळं फार उंच बंधाऱ्यालाच होतं असं नाही, डोक्याएवढीसुद्धा उंची नसलेला बंधारा पुरतो, पाणी किती आहे त्यावर आहे. उलट उंची कमी म्हणून लोकांना भीती वाटत नाही. पोरं त्यावरून घसरगुंडी खेळतात, खाली बसून फोटो काढतात, आणि काल जिथे खेळलो तिथे आज हातभर पाणी जास्त आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही.

ज्या बंधाऱ्यांच्या फळ्या पावसाआधी काढतात तिथे दुसरा प्रकार. खांबांच्या मधून पाणी जोरात निघतं, आणि वरून वाहून आलेली झाडं, बांबू, माडाच्या झावळ्या त्या खांबांवर अडकून बसतात. पाणी त्या जंजाळातून आरपार जातं, माणूस जात नाही, तो तिथेच चिकटून राहतो. राफ्टिंग कयाकिंग करणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, मोठ्या लाटेपेक्षा त्याला अशा अडकलेल्या झाडाची भीती जास्त असते.

सगळ्यात वाईट म्हणजे बंधारा वरून येताना दिसत नाही. होडीत बसलेल्या माणसाची नजर पाण्याला लागून असते, त्याला फक्त एक सरळ रेघ दिसते, नदी तिथे संपल्यासारखी, आणि बंधाऱ्याच्या वरचं पाणी संथ असतं त्यामुळे मनात शंकाही येत नाही. आवाज यायला लागतो तोपर्यंत उशीर झालेला असतो. आम्ही अशी रेघ दिसली की होडी काठाला घेतो, पण शेजारच्या राज्यातून फुगवायची स्वस्त होडी घेऊन आलेल्या चार मित्रांना हे कोण सांगणार, आणि मासे पकडायला ट्यूब घेऊन उतरलेल्या आपल्याच गावच्या पोराला तरी कोण सांगतं.

असल्या जागी आणखी एक गोष्ट हमखास होते, वाचवायला गेलेला माणूसच जातो. एक ओरडतो, दुसरा उडी मारतो, भाऊ असतो नाहीतर मित्र असतो, त्याला थांबवणार कसं. नदीवरच्या बचावाचा नियम असा आहे की आधी काठी किंवा हात पुढे करा, नाही पोचला तर दोर फेका, त्यानंतर होडी, आणि स्वतः पाण्यात उतरणं सगळ्यात शेवटी आणि तेही शिकलेल्या माणसानेच. दोर म्हणजे पिशवीत भरलेला, पाण्यावर तरंगणारा, १५ ते २० मीटरचा दोर, एक टोक हातात धरून पिशवी फेकायची, कोणीही अर्ध्या तासात शिकतं. ही पिशवी आमच्या प्रत्येकाच्या होडीत असते. बंधाऱ्यावर मात्र कुठेच नसते.

बंदीचं काय होतं ते आपण बघतोच. पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, धबधबे, नद्या, खाणींचे खंदक इथे पोहायला मनाई. २०२३ च्या जुलैत नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाल्यावर वन खात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायचं बंद केलं आणि पुढे काही जागा परत उघडाव्या लागल्या. रविवारी धबधब्याच्या वाटेवर पोलीस असतात, ते बिचारे पावसात उभे राहून गाड्या परत पाठवतात, त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. परत पाठवलेली गाडी घरी जात नाही हो, ती पुढच्या पुलाजवळ थांबते, खाली बंधारा असतो, तिथे कोणी नसतं, आणि तिथे उतरतात. समुद्रावर मात्र आपण बंदी घालून बसलो नाही, २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमले, लाल झेंडे लावले, कुठे पोहायचं कुठे नाही ते दाखवलं, कारण समुद्र म्हणजे पर्यटन आणि पर्यटन म्हणजे पैसा हे सरकारला पटलं होतं. नदीकाठच्या माणसाच्या जिवाचं मोल तेवढंच आहे.

केरळवाल्यांनी काय केलं बघा. कोझिकोड जिल्ह्यात कोडेंचेरीच्या बाजूला चालीपुळा आणि इरुवंजीपुळा अशा दोन छोट्या नद्या आहेत, पश्चिम घाटातल्याच, आपल्यासारख्याच पावसावर चालणाऱ्या. तिथे ऐन पावसाळ्यात मलबार रिव्हर फेस्टिव्हल होतो, देशोदेशीचे कयाकर येतात, राज्य सरकार त्यात आहे. आपल्याच घाटात कोडगूला बारापोळे नदीवर पावसाळी राफ्टिंग चालतं. पुढची गोष्ट म्हणजे कयाकिंग हा ऑलिंपिकचा खेळ आहे, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये स्लॅलम, म्हणजे खळाळत्या पाण्यात टांगलेल्या दांड्यांमधून होडी काढायची शर्यत, पहिल्यांदा झालं, १९९२ पासून सलग आहे, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये कयाक क्रॉस नावाचा नवा प्रकारही आला. सत्तरीतली पोरं पोहायला चालायला लिहायला एकदमच शिकतात, त्यांच्यातून कोणी तरी पुढे जाईल अशी आशा ठेवली तर ती काही हवेतली नाही. पण ते नंतर, आधी जीव.

माझं म्हणणं असं आहे की जलस्रोत खात्याने प्रत्येक बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला, पाण्यातून येणाऱ्याला लांबून दिसेल असा फलक लावावा, नुसता रस्त्याच्या बाजूला नाही, आणि मराठी कोंकणी इंग्रजी कन्नड हिंदी सगळ्यांत लिहावा, त्यात चित्र असावं म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळेल. बंधाऱ्याच्या खांबावर रंगाची पट्टी मारावी, हिरवा पिवळा लाल, पाणी लालपर्यंत आलं की कोणीच उतरायचं नाही, कयाकवाल्यांनीही नाही, आम्हाला ते मान्य आहे. काठाने होडी उचलून नेता येईल एवढी पायवाट ठेवावी, बहुतेक ठिकाणी ती आधीच असते, फक्त झुडपं वाढलेली असतात. दोराची पिशवी जवळच्या दुकानात किंवा देवळात ठेवावी आणि पंचायतीने गावातल्या दहा-बारा जणांना ती फेकायला शिकवावी, अग्निशामक दलाची माणसं वाळपईहून येईपर्यंत जी मिनिटं जातात त्यात गावकरीच तिथे असतात. आणि नवीन बंधारा बांधताना खालच्या बाजूला उभी भिंत न ठेवता उतार द्यावा, जुन्या बंधाऱ्यांच्या पायथ्याशी मोठे दगड रचून तो गोल फिरणारा प्रवाह मोडता येतो, परदेशात कित्येक ठिकाणी तसं केलंय, पाणी अडवायचं काम तसंच राहतं. इंजिनियर लोकांना हे मी सांगायला नको, पण खालून माणूस जाणार आहे हे डोक्यात ठेवून नकाशा काढला जावा एवढीच विनंती.

यावर काही जण म्हणतील की राफ्टिंग वाढलं की दारूच्या बाटल्या, डीजे, प्लॅस्टिक हे सगळं नदीवर येणार. ही भीती अगदी बरोबर आहे आणि मी त्यांच्या बाजूने आहे. म्हादई अभयारण्य १९९९ ला जाहीर झालं, त्याच्या आतल्या अरुंद व्हाळांत परवानगीशिवाय कोणी होडी घालू नये, प्यालेल्या माणसाला राफ्टवर बसवणाऱ्याचा परवाना कायमचा काढून घ्यावा, आणि दिवसाला किती राफ्ट सोडायच्या त्यावर मर्यादा असावी. गाईड इथल्याच गावांतले असावेत. बाहेरचा माणूस दोन सीझन काम करून जातो, इथला पोरगा कुठल्या कोंडात मगर बसते, कुठे कोणाची राखण आहे, कुठल्या खडकाजवळ चवथीच्या सुमाराला पाणी कसं वागतं हे आजोबांकडून ऐकून असतो. ती माहिती कुठल्याही कोर्समध्ये मिळत नाही, आणि ती पोरं आज मोपाला नाहीतर वेर्णाला नोकरी शोधत फिरतायत.

शेवटचा मुद्दा म्हादईच्या पाण्याचा. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं आणि तेव्हापासून आपण सगळे म्हादईचं पाणी वळवायच्या कर्नाटकाच्या कळसा भंडुरा प्रकल्पाच्या नावाने जागे झालो. सभा झाल्या, मोर्चे झाले, मीही गेलो. पण नदीत आज पाणी किती आहे हे विचारलं तर आपल्यातल्या कोणालाच सांगता येत नाही, ते आकडे कोर्टाच्या कागदांत असतात. कयाक चालवणारा माणूस रोज सकाळी पहिला प्रश्न हाच विचारतो, पाणी किती, काल किती होतं. रोजचा आकडा चार लोकांच्या डोळ्यांसमोर राहिला तर पूर येतोय ते लवकर कळेल आणि वरून पाणी कमी झालं तर तेही पहिल्यांदा इथेच कळेल.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. आपण पावसाळ्यात साळावली, अंजुणे या धरणांची पातळी छापता, भरती-ओहोटीच्या वेळाही छापता. गांजे इथे केंद्रीय जल आयोगाचं पाणी मोजायचं केंद्र आहे, तिथली सकाळची पातळी आणि आदल्या दिवशीची पातळी अशी एक ओळ त्याच चौकटीत जून ते सप्टेंबर छापता आली तर बघा. आकडा रोज मिळवून आपल्या वाळपईच्या वार्ताहरापर्यंत पोचवायचं काम करायला मी आणि माझ्याबरोबर नदीवर जाणारी दोघं तिघं तयार आहोत. माझा पत्ता आणि फोन नंबर वेगळ्या कागदावर आपल्यासाठी जोडलाय, तो छापू नये.

आपला,
एक वाचक
सत्तरी, गोवा